अगत्ती ते कोची फक्त ४६८ किमी, मग विमानाला दीड तास का? आणि पुण्याहून नेमकं कुठून जावं?

जुई_क

नमस्कार मंडळी. जानेवारीत लक्षद्वीपला, म्हणजे अगत्तीला जायचं चाललंय. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंची सत्तरी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, पण समुद्राची हौस घरात सगळ्यात जास्त त्यांनाच.

तिकिटं बघायला बसले तर आकड्यांचा मेळ बसेना. एका साइटवर अगत्ती ते कोची ४५९ किमी, दुसरीकडे ४६८. पुणे-नागपूर हवाई अंतर याहून जास्त आहे, तरी ते विमान सव्वा तासात पोचवतं. इथे मात्र कुठे सव्वा तास, तर कुठे दीड. शिवाय कोचीशिवाय बंगळूर आणि गोवा हेही पर्याय दिसताहेत. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पुण्याहून कुठला रस्ता धरावा? जाऊन आलेल्यांनी आणि यातलं कळणाऱ्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

नकाशावेडा

अंतराचं मी सांगतो, हा माझा आवडता उद्योग आहे.

४५९ आणि ४६८ दोन्ही आपापल्या जागी बरोबर. कोचीचा विमानतळ शहरात नाही, नेडुंबासेरीला आहे, शहरापासून जवळपास ३० किमी ईशान्येला. बेट पश्चिमेला असल्यामुळे बंदरापासून मोजलं की आकडा थोडा कमी येतो. विमानतळ ते विमानतळ मोजलं तर ४६८ च्या आसपास, म्हणजे साधारण २५० सागरी मैल.

हे घरी कागदावरही काढता येतं. अगत्ती आहे १०.८ उत्तर, ७२.२ पूर्व. कोची विमानतळ १०.१५ उत्तर, ७६.४ पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, आणि इतक्या दक्षिणेला रेखांशाचा अंशही १०९ च्या घरात जातो. उत्तर-दक्षिण फरक पाऊण अंशाहून कमी, पूर्व-पश्चिम सव्वाचार अंश. पायथागोरस लावा, आकडा येतो.

आता जुईताई, पुण्याच्या दृष्टीने खरी गंमत रेखांशात आहे. मुंबई ७२.९ पूर्वेला, अगत्ती ७२.२ ला. म्हणजे अगत्ती मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला येतं! लक्षद्वीप म्हटलं की आपल्या डोक्यात केरळ येतं, म्हणून आपण आधी कोचीला जातो आणि तिथून पुन्हा पश्चिमेला साडेचारशे किमी मागे येतो.

पुणे ते अगत्ती सरळ रेषेत सुमारे ८८० किमी. कोचीमार्गे ९७० आणि ४६८ मिळून १,४४० च्या आसपास जातात. गोव्याच्या मोपा विमानतळावरून गेलात तर पुणे-मोपा ३१५ आणि मोपा-अगत्ती ५७५, एकूण ८९० च्या आगेमागे. वाट जेमतेम १० किमीने वाकडी होते. मुंबईकरांसाठीही हेच चित्र: सरळ ९२० च्या आत, मोपामार्गे ९६०, कोचीमार्गे १,५०० च्या वर. बंगळूरमार्गे मुंबईहून तेवढंच पडतं, कारण बंगळूर-अगत्तीच साडेसहाशे किमी आहे.

नकाशा उघडून पुणे, मोपा आणि अगत्ती यांवर पट्टी ठेवून बघा. तिन्ही जवळपास एका रेषेत आहेत.

बांदेकर

नकाशावेडा, माझ्या मनातलं लिहिलंत. मी बांद्याचा. मोपा आमच्या शेजारीच. बांद्याहून सरळ रेषेत नागपूर ८०० किमी आणि अगत्ती ५८०. म्हणजे आमच्या राज्याच्या उपराजधानीपेक्षा आम्हाला लक्षद्वीप जवळ! ही गोष्ट गावात सांगितली की लोक हसण्यावारी नेतात, मग मी मोबाइलवर मोजून दाखवतो.

मोपा-अगत्ती विमान फ्लाय९१ कंपनीने २०२४ साली सुरू केलं. त्याच वर्षी मार्चअखेर इंडिगोने बंगळूर-अगत्ती सुरू केलं. त्याआधी अलायन्स एअरचं कोची-अगत्ती हाच वर्षानुवर्षांचा राजरस्ता होता. मोपाचं विमान रोज असेलच असं धरू नका. आठवड्याचे वार आणि वेळा हंगामागणिक बदलतात, तेव्हा तारीख ठरवायच्या आधी वार बघा.

लोडशीट

मी एका छोट्या विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये काम करतो. रोज एटीआर विमानांच्याच आसपास असतो, तेव्हा वेळेचं मी सांगतो.

नागपूरला तुम्ही जाता ते जेट. वर पोचलं की ताशी ८०० किमीच्या पुढे जातं. अगत्तीला जातं ते एटीआर ७२, पंख्याचं विमान, त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. ४६८ किमीला नुसते उडण्याचेच ५५-५६ मिनिटं लागतात, तेही पूर्ण वेगाने गेलं तर. पण पूर्ण वेग सगळ्या वाटेवर मिळत नाही. निघाल्यावर पहिली पंधरा-एक मिनिटं विमान चढत असतं, तेव्हा वेग बराच कमी. उतरतानाही तेच. त्यात कोचीसारख्या गर्दीच्या विमानतळावर जागेवरून निघून धावपट्टीपर्यंत जायला आणि नंबर लागायला दहा मिनिटं धरा. कंपनी तिकिटावर लिहिते तो ब्लॉक टाइम, म्हणजे इथे चाकं हलल्यापासून तिथे थांबेपर्यंतचा वेळ. त्यात थोडी सैल जागाही ठेवलेली असते. कोणी सव्वा तास लिहितो, कोणी दीड, ते यामुळे. मोपाहून पावणेदोन तास धरून चाला, बंगळूरहून दोन.

जेट असतं तर किती वाचलं असतं? एवढ्या अंतरावर वीस-बावीस मिनिटं, बस. जेटचा फायदा लांब पल्ल्यावर दिसतो. चेन्नई ते अंदमानचं श्री विजयपुरम, म्हणजे आपलं जुनं पोर्ट ब्लेअर, १,३७० किमी आहे. कोची-अगत्तीच्या जवळजवळ तिप्पट अंतर, आणि जेट तिथे सव्वादोन तासांच्या आत पोचतं. अंतर तिप्पट, वेळ दीडपट. म्हणून बेटाच्या बाबतीत किलोमीटर विचारण्याआधी तिथे कुठलं विमान उतरतं ते विचारावं.

आणि अगत्तीला एटीआरच का, तर धावपट्टी. १,२०४ मीटर. श्री विजयपुरमची ३,२०० मीटरच्या वर आहे. ए३२० किंवा ७३७ सारख्या जेटला भरल्या अवस्थेत दोन किमीच्या आसपास पट्टी हवी. अगत्तीचा विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला तो डॉर्नियर २२८ साठी, म्हणजे १९ माणसांच्या विमानासाठी. एटीआर नंतर आलं. एटीआरलासुद्धा ती पट्टी ऐसपैस नाही, पूर्ण वजनाने उडायचं तर कमीच पडते.

याचा प्रवाशावर थेट परिणाम होतो, म्हणून जरा खोलात सांगतो. उड्डाणाच्या धावेत ऐन वेगात एक इंजिन बंद पडलं, तर एकतर उरलेल्या पट्टीत विमान थांबलं पाहिजे किंवा एका इंजिनावर सुखरूप उडालं पाहिजे. हा हिशोब प्रत्येक फेरीला होतो. पट्टी ओली असेल, हवा तापलेली असेल, वारा पडलेला असेल तर विमानाला कमी वजन नेता येतं. त्यात भर म्हणजे लक्षद्वीपमध्ये विमानतळ हा एकच. अगत्तीला उतरता आलं नाही तर जवळ दुसरं काहीच नाही, मंगळूर आणि कण्णूर दोन्ही पावणेचारशे किमीच्या पुढे. तेव्हा मुख्य भूमीवर परत जाण्याइतकं इंधन पोटात ठेवूनच विमान निघतं. त्या इंधनाचंही वजन असतं. मग वजन कमी कुठून करणार? काही सीट रिकाम्या ठेवून, नाहीतर सामान मागे ठेवून. बॅगा ऑफलोड झाल्या की लोक काउंटरवर चिडतात, ते साहजिक आहे, पण ज्या माणसाने लोड शीटवर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशोबाच्या कागदावर, सही केली त्याने त्यांच्याच जिवाची काळजी घेतलेली असते.

रेवा

लोडशीट, खूप छान समजावलंत. आमच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. आम्ही अगत्तीला उतरलो आणि आमची एक बॅग आली दुसऱ्या दिवशी. नेमकी बाबांची औषधं तिच्यात. बेटावरच्या होमस्टेवाल्यांनी दवाखान्यात नेऊन रक्तदाबाची गोळी मिळवून दिली, म्हणून निभावलं. कंपनीने आधी एका शब्दाने सांगितलं असतं तर औषधं हातात घेतली असती, एवढंच माझं म्हणणं.

जुई, सासूबाईंची सगळी औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे पर्समध्ये किंवा हातातल्या पिशवीत. चेक-इनची मर्यादाही या विमानांवर बहुतेक १५ किलोच असते.

उतरतानाचं दृश्य मात्र विसरता येणार नाही. धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकाला आहे आणि तिथे बेट इतकं अरुंद की दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसतं. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, हिरवट निळं लगून, म्हणजे प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी, आणि पलीकडे प्रवाळाच्या कडेवर फुटणारी पांढरी रेघ. चाकं टेकेपर्यंत जमीन दिसतच नाही. मग विमान टोकापर्यंत जातं, तिथेच वळतं आणि त्याच पट्टीवरून मागे येतं.

जुई_क

सगळ्यांचे मनापासून आभार. मोपाचा पर्याय डोक्यातच नव्हता.

एक प्रश्न: गोव्याला अंतर इतकं सोयीचं असताना सगळा कारभार कोचीभोवतीच का?

मालविका_ठाणे

यावर मला लिहायलाच हवं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला राहिलो. मुलगा तिथल्याच शाळेत मल्याळम शिकला.

बेटावरच्या माणसासाठी कोची म्हणजे फक्त विमानतळ नाही. लक्षद्वीपचं उच्च न्यायालय म्हणजे केरळ उच्च न्यायालय, ते कोचीत. प्रशासनाचं मोठं कार्यालय कोचीच्याच विलिंग्डन आयलंडवर, जहाजं तिथूनच सुटतात. मुलांचं कॉलेज, मोठं ऑपरेशन, लग्नाची खरेदी, सगळं केरळात. भाषाही तीच, फक्त मिनिकॉय बेटाची वेगळी. तेव्हा ते ४६८ किमी आपल्यासाठी सहलीचं अंतर आहे, तिथल्या लोकांसाठी दवाखान्याचं आणि कोर्टाचं.

जहाजाला कोचीहून बेटानुसार १४ ते २० तास लागतात. मधल्या बेटांवर थांबत गेलं की आणखी. बहुतेक बेटांवर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि लहान होडी त्याच्या पोटाशी येते. लाट वर आली की होडी वर, खाली गेली की खाली. नेमक्या क्षणी हात धरून माणसाला ओढून घेतात. गरोदर बायका, कडेवर मुलं, म्हातारी माणसं, सगळी अशीच चढतात-उतरतात. तुमच्या सासूबाईंसाठी जहाजाचा विचारच करू नका, असं मी स्वच्छ सांगेन.

१५ मे ते १५ सप्टेंबर लहान मालवाहू जहाजं बंद असतात. एरवी केरळातलं बेपूर बंदर आणि मंगळूर इथून तांदूळ, भाजी, सिमेंट, सगळं तीच आणतात. पावसाळ्याआधी प्रत्येक घर बेगमी करून ठेवतं.

आणि आजारपण. कवरत्तीला आणि अगत्तीला रुग्णालयं आहेत, डॉक्टर जीव तोडून काम करतात, पण अवघड केस असली की कोचीलाच हलवावी लागते, हेलिकॉप्टरने. आमच्या शेजारच्या मुलीला सातव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. हेलिकॉप्टर तयार होतं, पण ढग खाली उतरलेले. तिची आई मिनिटामिनिटाला दारात येऊन आभाळ बघायची. दुपारी उघडलं आणि तिला नेलं. दोघी सुखरूप आहेत. त्या दिवसापासून मला कोणी ‘किती किमी’ म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या महिन्यात?

तरंग

मग धावपट्टी वाढवून मोकळं का होत नाहीत? जेट उतरलं की तिकिटं स्वस्त, फेऱ्या जास्त, रुग्णांचीही सोय.

मालविका_ठाणे

तरंग, कळकळ पटते. पण जमीन कुठून आणणार? अगत्ती लांबीला सात-साडेसात किमी आणि रुंदीला जास्तीत जास्त एक किमीच्या आसपास. त्यात २०११ च्या जनगणनेत साडेसात हजारांवर माणसं. पट्टी आधीच टोकाला टेकली आहे. वाढवायची म्हणजे समुद्राकडे, लगूनमध्ये आणि प्रवाळावर. पलीकडच्या कल्पेट्टी बेटाच्या दिशेने पट्टी न्यायची कल्पना जुनी आहे, आणि तिला विरोधही तितकाच जुना.

लगून हे नुसतं बघायचं पाणी नाही. अगत्तीचे लोक ट्यूना गळाने धरतात, एकेक मासा, जाळ्याने नाही. त्यासाठी लागणारं जिवंत आमिष, म्हणजे बारीक मासळी, याच लगूनमधून पकडतात. लगून बिघडलं तर बेटाची चूल बंद. शिवाय लाटा अडवतं ते प्रवाळच. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. जे सावरतंय त्यावर भराव टाकणं मला मान्य नाही.

रुग्णाला जेट लागत नाही हो. एटीआरमध्येही सीट काढून स्ट्रेचर बसवता येतं. त्याला हवी ती नेमाने येणारी फेरी आणि हेलिकॉप्टर.

लोडशीट

मालविकाताईंशी पूर्ण सहमत. वेळेचाच प्रश्न असेल तर जेटने वीस मिनिटं वाचतील आणि कोचीत पुढच्या विमानासाठी रात्र काढावीच लागेल. फेऱ्या वाढल्या तर अख्खा दिवस वाचतो. छोट्या पट्टीवर चालणाऱ्या विमानांच्या जास्त फेऱ्या, हाच मार्ग मला दिसतो.

बांदेकर

जुईताई, आता तुमच्या कामाचं, आणि हे नीट वाचा. गोव्यात विमानतळ दोन आहेत. दाबोळी दक्षिणेकडे, मोपा अगदी उत्तरेला, पेडणे तालुक्यात. अगत्तीचं विमान मोपाहून सुटतं. पुणे-गोवा तिकीट काढताना दाबोळीचं निघालं तर मध्ये साठेक किमीचा रस्ता आणि दीड तास. सासूबाई बरोबर असताना ती दगदग नको.

पुण्याहून रेल्वेनेही सोयीचं पडत नाही, कारण गोव्याची नेहमीची गाडी मिरज-लोंढामार्गे मडगाव-वास्कोकडे उतरते. मुंबईकरांनी कोकण रेल्वेने पेडण्याला उतरावं, तिथून मोपा जवळ. पुण्याच्या बऱ्याच बस आंबोली घाटाने सावंतवाडी-बांद्यावरून येतात. पण घाटातली वळणं आणि रात्रभर बसणं गुडघ्यांना सोसेल का ते बघा. मी तुमच्या जागी असतो तर पुणे-मोपा विमान, आदल्या दिवशी पेडणे किंवा सावंतवाडीत मुक्काम, आणि सकाळी ताजंतवानं होऊन अगत्ती. सावंतवाडीला राहिलात तर मोती तलावाच्या काठी संध्याकाळही छान जाते.

रेवा

आणि परतीचं: अगत्तीहून येतो त्याच दिवशीचं पुढचं विमान धरू नका. अगत्तीचं एक विमान रद्द झालं की दुसरं लगेच नसतं. आम्ही मध्ये एक दिवस मोकळा ठेवला होता, म्हणून शांत होतो. आमच्याबरोबरच्या एका कुटुंबाचं पुढचं तिकीट वाया गेलं.

लोडशीट

सासूबाईंसाठी एक चांगली बातमी. एटीआर जमिनीपासून बुटकं असतं. प्रवासी मागच्या दारातून चढतात, पायऱ्या मोजक्याच असतात. जेटच्या शिडीपेक्षा पुष्कळ सोपं. तरी बुकिंग करतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, काउंटरवर गेल्यावर नको, आणि सीट मागच्या ओळींतली घ्या, म्हणजे आत फार चालावं लागणार नाही. पंख खिडक्यांच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे खालचं पाणी जवळपास सगळ्याच खिडक्यांतून दिसतं. पंख्याशेजारच्या रांगांत आवाज जास्त, तेवढ्या टाळा.

मालविका_ठाणे

परवान्याचं कोणी लिहिलं नाही. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. प्रशासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो. पोलीस पडताळणीचा दाखला लागला तर पुण्यात त्याला वेळ जातो, म्हणून तिकिटाआधी तिकडे लागा. प्रत्येकाची छापील प्रत स्वतंत्र ठेवा.

जुई_क

ठरलं! मोपामार्गे, जाताना सावंतवाडीत मुक्काम, येताना एक दिवस मोकळा. पोलीस पडताळणीसाठी उद्याच अर्ज टाकतेय. सासूबाईंना बांदेकरांचं नागपूरवालं गणित वाचून दाखवलं. त्यांचं माहेर नागपूरचं, त्यांनी नकाशा मागवून स्वतः पट्टी लावली.

तरंग

मालविकाताई, आमिषाच्या मासळीचं ठाऊक नव्हतं, धन्यवाद. अजून एक विचारतो. मिनिकॉयला विमानाने जाता येतं का? तिथला दीपस्तंभ बघायचाय.

मालविका_ठाणे

सध्या नाही. तिथे प्रवासी विमानतळ नाही, फक्त प्रस्तावांची चर्चा आहे. अगत्तीपासून ते जवळपास ३०० किमी दक्षिणेला, नाइन डिग्री चॅनल या समुद्रपट्ट्याच्या पलीकडे, मालदीवच्या उत्तर टोकापासून मात्र त्याहून बरंच जवळ. कोचीहून जहाजानेच जावं लागतं. दीपस्तंभ ब्रिटिशांनी १८८५ साली बांधलेला आहे. जाणार असाल तर परवान्याच्या अर्जात मिनिकॉयचं नाव आधीच घाला.